जेट लॅग : दोन घड्याळांचा ताळमेळ

९ जानेवारी २०२१ रोजी रात्री साडेआठच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोहून एअर इंडियाचे एक विमान बंगळुरूकडे निघाले. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी चालविलेले हे विमान उत्तर ध्रुवावरून सुमारे १४,००० किलोमीटरचे अंतर कापत, वाटेत कोठेही न थांबता, सुमारे सतरा तासांनी केंपेगौडा विमानतळावर उतरले. तेव्हा बंगळुरूत ११ जानेवारीची पहाट होती. या उड्डाणाचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या विमानातील प्रवाशांची १० जानेवारी ही तारीख संपूर्णपणे आकाशातच उगवली आणि आकाशातच मावळली. रोजकीर्दीतून एखादे पान गळून जावे, तसा एक दिवस त्यांच्या हाती न लागताच निघून गेला.

तारीख बदलता येते, मनगटावरील घड्याळाचे काटेही क्षणात फिरवता येतात. शरीराला ही सोय नाही. पहाटे साडेतीन वाजता सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या त्या प्रवाशांचे शरीर अजून कॅलिफोर्नियातील दुपारचे दोन वाजल्याच्या समजुतीत होते. घरी पोहोचून ते अंथरुणाला पाठ टेकतील, तेव्हा झोप येणार नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात भर दुपारी डोळे मिटू लागणार होते. या विसंगतीलाच जेट लॅग म्हणतात. मराठीतही हा शब्द आता जसाच्या तसा रुळला आहे.

प्रवासाचा शीण आणि जेट लॅग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. विमानातील हवा कोरडी असते, आतील दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो, पाय अवघडतात, झोप तुकड्यातुकड्यांत होते. हा शीण पुरेसे पाणी, स्नान आणि एका रात्रीची स्वस्थ झोप यांनी बहुतांशी निघून जातो. जेट लॅग मात्र केवळ विश्रांतीने जात नाही, कारण तो थकव्याचा नव्हे, वेळेच्या न जुळण्याचा परिणाम असतो. पूर्वी बोटीने जाणाऱ्यांना तो माहीतच नव्हता. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. या दोन शहरांच्या सूर्योदयांत सुमारे पावणेअकरा तासांचे अंतर आहे. ते अठ्ठावन्न दिवसांवर विभागले, तर दररोज सरासरी अकरा मिनिटांचा फरक पडतो. त्या प्रवासात हाल पुष्कळ होते, परंतु रोजची अकरा मिनिटे शरीर सहज पचवू शकते. तेवढाच फरक विमान एका दिवसात अंगावर टाकते, आणि शरीराची जुळवून घेण्याची गती दिवसाला तास-दीड तासाच्या पलीकडे सहसा जात नाही.

शरीरातील मुख्य कार्यालय आणि शाखा

संध्याकाळी झाडांना हात लावू नये, ती झोपलेली असतात, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत असत. बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये सूर्यास्ताच्या सुमारास पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांकडे पाहिले, तर पाने खरोखरच मिटू लागलेली दिसतात. चिंच आणि शिरीष यांचेही तेच. ही पाने अंधार पडतो म्हणून मिटतात की त्यांना वेळ कळते म्हणून? १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवून पाहिले. ऊन नसतानाही पाने दिवसा उमलत आणि रात्री मिटत राहिली. घड्याळ बाहेर नव्हते, रोपाच्या आत होते.

माणसाच्या बाबतीत हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंची जेथे गाठ पडते त्याच्या लगेच वर असते. सुमारे वीस हजार पेशींचा हा इवलासा पुंजका झोप, जाग, शरीराचे तापमान आणि संप्रेरके यांचे वेळापत्रक सांभाळतो. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून झाला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बंगळुरूच्या विमानतळाकडे जाताना वाटेत जक्कूर लागते. तेथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही फळमाशीच्या घड्याळाचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. कोशातून पहाटे बाहेर पडणाऱ्या आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या माश्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांची स्वतंत्र कुळे तेथे वाढविण्यात आली. लवकर उठणे किंवा उशिरा उठणे हा केवळ वळणाचा भाग नाही, काही अंशी तो रक्तातच असतो, हे अशा प्रयोगांवरून दिसते. कुटुंबातील उशिरा उठणाऱ्यांना हा आधार दाखविता येईल!

या घड्याळाचा एक विशेष असा की, बाहेरून कोणतीही खूण मिळाली नाही, तर बहुतेक माणसांत त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा, म्हणजे सरासरीने दहा-बारा मिनिटांनी अधिक भरतो. म्हणून दिवस लांबवणे शरीराला सोपे जाते आणि आखडणे जड जाते. पश्चिमेकडे, उदाहरणार्थ लंडनला गेलेल्या प्रवाशाला उशिरा झोपायचे असते. ते दिवसाला सुमारे दीड तासाच्या गतीने जमते. तोच प्रवासी बंगळुरूला परतला की त्याला लवकर झोपावे लागते आणि तेथे गती तासावर येते. लंडनला जाताना त्रास झाला नाही, येतानाच का झाला, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

बँकेच्या वाचकांना यापुढचा भाग सहज उमगेल. मेंदूतील घड्याळ हे मुख्य कार्यालय मानले, तर यकृत, जठर, स्वादुपिंड, स्नायू या शाखा होत. प्रत्येक शाखेत स्वतःचे घड्याळ असते. मुख्य कार्यालय उजेड पाहून नव्या वेळेवर येऊ लागते, तेव्हा शाखा मागच्याच वेळापत्रकाने कामकाज चालू ठेवतात आणि जेवणाच्या वेळा पाहून आपल्या गतीने सुधारतात. रात्री तीन वाजता लागणारी कडकडीत भूक, दुपारच्या ताटापुढे बसल्यावर वाटणारी नावड, बिघडलेले पोट, ही सारी न जुळलेल्या खात्यांची लक्षणे होत. सर्व शाखांचा मेळ बसेपर्यंत ताळेबंद पुरा होत नाही.

लालबागेची फेरी केव्हा?

हा मेळ घालण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे उजेड. तो फुकट मिळतो, पण त्याला वेळ पाळावी लागते. परदेशातून आल्यावर "सकाळी लवकर उठून उन्हात फिरा" असा सल्ला सरसकट दिला जातो. तो निम्म्या वेळा बरोबर असतो आणि निम्म्या वेळा उलटा पडतो.

नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचे तापमान दिवसातील नीचांकावर येते. सहा-साडेसहाला उठणाऱ्या माणसात हा क्षण पहाटे साडेतीन-चारच्या आसपास असतो. हा नीचांक सह्याद्रीच्या माथ्यासारखा आहे. माथ्याच्या एका अंगाला पडलेले पाणी कोकणात उतरते, दुसऱ्या अंगाला पडलेले कृष्णा-गोदावरीला जाऊन मिळते. नीचांकाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर पडलेला उजेड शरीराचे घड्याळ मागे सारतो, म्हणजे झोप आणि जाग उशिरा येऊ लागते. नीचांकानंतरच्या काही तासांतील उजेड ते पुढे आणतो, म्हणजे झोप आणि जाग लवकर येऊ लागते. उजेड तोच, परिणाम विरुद्ध.

आता बसवनगुडीत राहणारे एखादे गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. हिवाळ्यात तीन आठवडे लंडनला मुलीकडे राहून ते परतले आहेत. रोज सकाळी सहा वाजता लालबागेत फिरण्याचा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, झोप झालेली नसतानाही, ते निग्रहाने उठतात आणि दोन तास उन्हात फिरून येतात. परंतु त्यांच्या शरीराचा नीचांक अजून लंडनच्या पहाटे चारवर, म्हणजे बंगळुरूच्या सकाळी साडेनऊवर आहे. सहा ते आठचा सारा उजेड नीचांकाच्या आधी पडला. घड्याळ पुढे यायला हवे होते, ते आणखी मागे गेले. निग्रह खरा होता, पण तो चुकीच्या खात्यात जमा झाला. आठवडा उलटला तरी रात्री एकपर्यंत झोप का येत नाही, हे कोडे मग त्यांना पडते.

या गृहस्थांनी पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत घरातच, पडदे ओढून राहावे. बाहेर पडणे अटळ असेल, तर काळा चष्मा लावावा. दहा ते एक या वेळात मात्र उघड्यावर भरपूर वावरावे, कारण घरातील दिव्यांचा उजेड काहीशे लक्स इतकाच असतो, तर बाहेर ढगाळ हवेतही तो हजारांत मोजला जातो. दुसऱ्या दिवशी हीच वेळ एक तास अलीकडे घ्यावी, तिसऱ्या दिवशी आणखी एक तास. पाचव्या दिवशी लालबागेची सहाची फेरी पूर्ववत सुरू करण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ एक तास पुढे असल्याने नीचांक साडेआठच्या सुमारास येतो आणि एक दिवस वाचतो.

लंडनला जाताना हिशेब सोपा असतो. तेथे दुपारचा आणि संध्याकाळचा उजेड घ्यावा आणि स्थानिक रात्रीचे दहा वाजेपर्यंत जागे राहण्याचा प्रयत्न करावा.

अमेरिकेतील आजी-आजोबा

बंगळुरूतील आणि महाराष्ट्रातीलही असंख्य घरांतून आज आई-वडील उन्हाळ्यात मुलांकडे कॅलिफोर्नियाला जातात. तेव्हा दोन ठिकाणच्या वेळांत साडेबारा तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेतेरा. विमान युरोपवरून गेले, प्रशांत महासागरावरून गेले की ध्रुवावरून, याला शरीराच्या दृष्टीने महत्त्व नाही. दोन टोकांच्या घड्याळांतील अंतर तेवढे महत्त्वाचे. आणि बारा तासांच्या आसपासचे अंतर सर्वांत अवघड, कारण पुढून गेले काय, मागून गेले काय, वाट सारखीच लांब. काहींचे घड्याळ मागे सरकत जुळते, काहींचे पुढे सरकत. आजी आठ दिवसांत रुळल्या आणि आजोबा दोन आठवडे रात्री घरभर फिरत राहिले, असे एकाच घरात घडले, तर त्यात आजोबांचा दोष नाही.

तेथे रात्रीचे तीन वाजतात, तेव्हा बंगळुरूत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. आजोबांना चहाची तल्लफ येते ती उगीच नव्हे. उलट दुपारी अडीच वाजता, भारतातील पहाटे तीनच्या ठोक्याला, शरीर नीचांकावर असते. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, घर शांत, पडदे ओढलेले. तेव्हा "जरा पडतो" म्हणून टेकलेली पाठ संध्याकाळी सहाला उचलली जाते आणि सारी रात्र पुन्हा उघड्या डोळ्यांनी काढावी लागते. जेट लॅग लांबतो तो बहुधा या दुपारच्या झोपेमुळे. वामकुक्षी घ्यावी, पण गजर लावून, वीस-तीस मिनिटांची.

बहुतेकांना घड्याळ मागे सारणे सोपे जाते, म्हणून पहिले दोन दिवस सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंतचा शक्य तितका वेळ बाहेर उजेडात घालवावा. पुढे रोज तास-दीड तास सरकत जाऊन चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुपार आणि संध्याकाळ बाहेर काढावी. नातवाला शाळेतून आणणे, बागेत नेणे, शेजारच्या मराठी कुटुंबाकडे जाऊन येणे, हे सारे या दृष्टीने औषधच होय. माणसांच्या सोबतीचाही घड्याळाला हातभार लागतो. मदुराई कामराज विद्यापीठातील प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात आठवण्यासारखा आहे. काळोख्या गुहेत बंदिस्त ठेवलेल्या वटवाघळांना दिवस-रात्र दिसत नव्हती. तरीही गुहेतून रोज उडून जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या मोकळ्या सोबत्यांच्या ये-जा वरून ती आपले घड्याळ जुळवत राहिली. हे चंद्रशेखरन पुढे जक्कूरच्या उपरोक्त केंद्रात आले. माणसावर उजेडाचा प्रभाव सोबतीपेक्षा खूपच अधिक असतो, हे खरे. परंतु बंद खोलीत एकट्याने बसलेल्या पाहुण्याला या दोहोंपैकी काहीच मिळत नाही.

जेवण पहिल्या दिवसापासून स्थानिक वेळेलाच घ्यावे, भूक नसली तरी थोडे घ्यावे. रात्री भूक लागल्यास दूध किंवा फळ पुरे, पूर्ण ताट वाढून घेऊ नये. बंगळुरूकरांना फिल्टर कॉफी सोडा, असे सांगणे कठीण. मात्र प्यालेल्या कॉफीतील निम्मे कॅफीन पाच-सहा तासांनंतरही शरीरात शिल्लक असते, म्हणून दुपारनंतर ती टाळावी. झोप यावी म्हणून मद्य घेणे तर सर्वस्वी चुकीचे. त्याने डोळा लागतो, पण झोप मोडते.

मेलाटोनिन हे शरीर रात्री स्वतःच निर्माण करीत असलेले संप्रेरक होय. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात, पाच किंवा अधिक कालविभाग ओलांडणाऱ्यांना, विशेषतः पूर्वेकडे जाणाऱ्यांना, नव्या ठिकाणच्या झोपेच्या वेळी घेतलेल्या अर्धा ते पाच मिलिग्रॅम मात्रेचा उपयोग होतो, असे आढळले. चुकीच्या वेळी घेतल्यास मात्र ते घड्याळ आणखी बिघडवू शकते. फेफऱ्याचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरीन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

मधुमेहींसाठी हा विषय अधिक गंभीर आहे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे येताना आखडतो. "सकाळी एक, रात्री एक" ही चिठ्ठी विमानात निरुपयोगी ठरते. इन्सुलिनच्या मात्रा तासांच्या हिशेबाने लिहून घेण्यासाठी प्रवासाच्या काही आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे. इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे, कारण विमानाच्या पोटातील सामानात ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. हृदयविकार आणि रक्तदाबाच्या गोळ्यांविषयीही आधीच विचारून ठेवावे.

येथे बँकेच्या व्यवहाराचा एक मुद्दा. निवृत्तिवेतनाविषयी शाखेत चौकशी करण्यासाठी कॅलिफोर्नियात रात्री उठून बसण्याची गरज नाही. बंगळुरूत सकाळचे दहा वाजतात, तेव्हा तेथे उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. शाखा उघडताच दूरध्वनी करून निश्चिंतपणे झोपावे. मुक्काम नोव्हेंबरपर्यंत लांबणार असेल, तर हयातीच्या दाखल्याची व्यवस्था निघण्यापूर्वीच विचारून घ्यावी. पहिल्या तीन-चार दिवसांत मोठ्या रकमेचा व्यवहार, मुदत ठेव मोडणे, कोऱ्या कागदावर सही असे काही करू नये. झोपमोड झालेल्या मनाची पारख मंदावलेली असते. पहाटे तीनला "आपले खाते बंद होत आहे" असा दूरध्वनी आला, तर तो ठेवून द्यावा. बँक ओटीपी कधीही विचारीत नाही, रात्रीही नाही आणि दिवसाही नाही. त्याच कारणाने पोहोचल्याच्या दिवशी मोटारही चालवू नये. विमानतळावर उतरलेल्या मुलाने आई-वडिलांना आग्रहाने स्वतः गाडी चालवून घरी न्यावे, हा प्रसंग भावनेला धरून असला, तरी शहाणपणाला धरून नाही.

दोन-तीन दिवसांच्या बैठकीसाठी जाणाऱ्यांनी तर घड्याळ बदलण्याच्या भानगडीत पडूच नये. शरीर जुळेपर्यंत परतीचे विमान आलेले असते. अशांनी भारतीय वेळेप्रमाणे जमेल तेवढी झोप घ्यावी आणि महत्त्वाची बैठक, आपल्या हातात असेल तर, भारतीय दिवसाच्या वेळात बसेल अशी मागून घ्यावी. सिंगापूरसारख्या अडीच तासांच्या फरकाला एवढा विचारही लागत नाही.

विमानाविना जेट लॅग

बंगळुरूत असेही हजारो तरुण आहेत, ज्यांनी पारपत्र काढलेले नाही, पण ज्यांना जेट लॅग कायमचा आहे. व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतील कार्यालयांत अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करणारे हे लोक. प्रवाशाला नव्या देशाचा सूर्य मदत करतो. रात्रपाळीच्या माणसाला सूर्य रोज विरोध करतो. सकाळी सहा-सातला घरी परतताना डोळ्यांवर पडणारा लख्ख उजेड त्याला जागे करतो, झोप पाच तासांवर येते. सुट्टीच्या दोन दिवसांत तो घरच्यांसाठी पुन्हा दिवसाच्या वेळेवर येतो, म्हणजे दर आठवड्याला अमेरिकेस जाऊन येतो. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतील झोपेच्या वेळांत अशी तफावत असणाऱ्या अवस्थेला २००६ पासून शास्त्रज्ञ "सामाजिक जेट लॅग" म्हणू लागले. अशांच्या पचनाच्या तक्रारी, वाढते वजन आणि चिडचिड यांकडे घरच्यांनी आळस म्हणून पाहू नये.

यावर पूर्ण उपाय नाही, तडजोड आहे. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात भरपूर प्रकाशात बसावे, उत्तरार्धात दिवे मंद ठेवावेत आणि कॉफी बंद करावी. परतताना गाडी दुसऱ्याने चालविलेली असेल, तर काळा चष्मा लावावा. खोलीला जाड पडदे असावेत आणि दाराची घंटा व दूरध्वनी झोपेच्या वेळेत बंद ठेवावे. सुट्टीच्या दिवशी रात्री दहाला झोपण्याऐवजी पहाटे तीनच्या सुमारास झोपून सकाळी दहा-अकराला उठावे, म्हणजे घड्याळाला बारा तासांची उडी मारावी लागत नाही आणि दुपारचे जेवण कुटुंबासमवेत होते. ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, तेथे सकाळी साडेसातला मिक्सर लावण्यापूर्वी आईने त्या बंद दाराकडे एकवार पाहावे.